एकाच नावाचा जंतू, पण जहालपणा वेगवेगळा

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आमच्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलाच्या गुडघ्यावर फोड आला. कबड्डी खेळताना जिथे खरचटले होते, तिथेच तो आला. घरच्यांनी आधी हळद लावली. मग मोठ्या भावाच्या दाढदुखीच्या वेळी आणलेल्या, डब्यात उरलेल्या कॅप्सूल दिल्या. चौथ्या दिवशी मुलाला हुडहुडी भरून ताप आला आणि पाय टेकवेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी गळवाला चीर देऊन पू काढला, थोडा पू तपासणीला पाठवला आणि मुलाला चार दिवस दवाखान्यात ठेवून घेतले. अल्हम्दुलिल्लाह, मुलगा बरा झाला. आज तो पुन्हा मैदानावर आहे.

पण त्याची अम्मी तपासणीचा कागद घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा तिचा प्रश्न वेगळाच होता. कागदावर जंतूचे नाव होते स्टॅफिलोकॉकस ऑरियस, आणि शेजारी लिहिले होते ‘एमआरएसए’. ती म्हणाली, “सर, आमच्या शेजारच्या मुलाच्या कागदावरही हेच लिहून आलं होतं. त्याचा फोड फुटला, पू गेला आणि दोन दिवसांत तो खेळायला लागला. मग माझ्याच लेकराला एवढा ताप का आला?”

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारी माणसे. त्या वेळी आम्हाला उत्तर देता आले नाही. नंतर विज्ञानाच्या सहकाऱ्यांना विचारले, डॉक्टरांशी बोललो, बरेच वाचले. तेव्हा कळले की त्या माउलीने साध्या शब्दांत विचारलेला प्रश्न जगभरचे संशोधक कित्येक वर्षे सोडवत आहेत. हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर आहे. ज्या घरात मुले आहेत, त्या प्रत्येक घराच्या ते कामाचे आहे, म्हणून इथे मांडत आहोत.

द्राक्षांचा घोस आणि सोनेरी रंग

१८८० साली स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन शहरातले शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना गोल गोल जंतूंचे पुंजके दिसले, जणू द्राक्षांचे घोसच. ग्रीक भाषेत द्राक्षाच्या घोसाला जो शब्द आहे, त्यावरून जंतूचे नाव पडले ‘स्टॅफिलोकॉकस’. पुढे १८८४ साली जर्मनीच्या रोझेनबाख यांनी त्याच्या सोनेरी वसाहती पाहून ‘ऑरियस’ हा शब्द जोडला. त्याचा अर्थ सोनेरी.

हा जंतू काही दुर्मीळ नाही. साधारण दर तीन माणसांत एकाच्या नाकात तो मुक्कामाला असतो आणि त्या माणसाला त्याचा काही त्रास नसतो. कातडी शाबूत असेपर्यंत तो बाहेरच राहतो. खरचटले, ब्लेड लागले, खाजवून जखम झाली, की त्याला आत शिरायला वाट मिळते. केसतूड, गळू, काळपुळी ही बहुतेक वेळा त्याचीच करणी असते. क्वचित तो रक्तात, हाडात किंवा फुप्फुसात उतरतो, आणि तेव्हा जिवावर बेतते.

गंमत अशी की १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला, तो याच जंतूच्या ताटलीवर बुरशी पडल्यामुळे. जो जंतू त्या औषधाने पहिल्यांदा मेला, त्यानेच पुढे त्या औषधावर मात केली. १९४० च्या दशकात पेनिसिलिन सर्रास वापरले जाऊ लागले आणि थोड्याच वर्षांत दवाखान्यांत त्याला दाद न देणारे स्टॅफ दिसू लागले. १९५९ साली मेथिसिलिन हे नवे औषध आले. १९६१ साली इंग्लंडमधून बातमी आली की त्यालाही न जुमानणारे जंतू सापडले आहेत. मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, यालाच इंग्रजी आद्याक्षरांवरून एमआरएसए म्हणतात. मेथिसिलिन आज वापरात नाही, पण नाव राहिले. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की ॲमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन यांसारखी, मेडिकलच्या दुकानात ओळखीची झालेली औषधे या जंतूवर चालत नाहीत.

चिलखत वेगळे, सुरा वेगळा

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. औषधाला दाद न देणे ही एक गोष्ट आहे आणि जहालपणा ही दुसरी. समजा, घरात चोर शिरला. त्याच्या अंगावर चिलखत आहे का, हा एक प्रश्न. त्याच्या हातात सुरा आहे का, हा दुसरा. चिलखत असेल तर आपला वार त्याला लागत नाही. सुरा असेल तर त्याचा वार आपल्याला लागतो. एखाद्याकडे चिलखत असते पण सुरा नसतो. एखाद्याकडे सुरा असतो पण चिलखत नसते. ज्याच्याकडे दोन्ही असतात, त्याची खरी भीती.

दवाखान्यातले जुने एमआरएसए हे जाड चिलखतवाले होते. एकाच वेळी अनेक औषधांना ते दाद देत नसत. पण बहुधा ते अशक्त माणसालाच गाठत. ज्याचे ऑपरेशन झाले आहे, ज्याला नळ्या लावल्या आहेत, जो वयस्क किंवा मधुमेही आहे, असा रोगी त्यांना सापडे. धडधाकट माणूस त्यांना सहसा हाती लागत नसे. त्यामुळे एमआरएसए म्हणजे दवाखान्यातली बाधा, असाच डॉक्टरांचा समज होता.

हा समज आधी ऑस्ट्रेलियात ढिला झाला. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातल्या दूरदूरच्या आदिवासी वस्त्यांतून, दवाखान्याशी संबंध नसलेल्या लोकांमध्ये एमआरएसए मिळाल्याचे १९९३ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर अमेरिकेत जे घडले, त्याने तो समज पुरता मोडला.

चार लेकरे

१९९७ ते १९९९ या काळात अमेरिकेच्या मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या दोन राज्यांत चार मुले दगावली. सर्वांत लहान मूल एक वर्षाचे होते, सर्वांत मोठी मुलगी तेरा वर्षांची. यांतले कोणीही दवाखान्यात राहून आलेले नव्हते, कोणाला जुना आजार नव्हता. चौघांच्याही शरीरात एमआरएसए सापडला. सुरुवातीला नेहमीची औषधे दिली गेली, पण जंतू त्यांना बधणारा नव्हता. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ऑगस्ट १९९९ मध्ये ही हकिगत आपल्या साप्ताहिकात छापली, तेव्हा जगभरचे डॉक्टर सावध झाले.

विशेष म्हणजे या जंतूचे चिलखत पातळ होते. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे सोडली, तर इतर बरीचशी औषधे त्याच्यावर चालली असती. पण सुरा फार धारदार होता. या वाणाला पुढे ‘यूएसए ४००’ असे नाव मिळाले. २००२ साली जपानमधल्या संशोधकांनी या वाणाच्या एका नमुन्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचून काढला, तेव्हा दवाखान्यातल्या जुन्या वाणांत नसलेली कितीतरी विषांची जनुके त्यात मिळाली.

वाण हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. भात म्हटले तरी कोलम वेगळा, बासमती वेगळा, इंद्रायणी वेगळा. तसेच स्टॅफचे. नाव एकच, पण वाण अनेक.

यूएसए ४०० नंतर अमेरिकेत त्याचा दुसरा भाऊबंद आला, ‘यूएसए ३००’. तो पसरला तो आगीसारखा. ऑगस्ट २००४ मध्ये अमेरिकेतल्या ११ शहरांत, कातडीच्या बाधेसाठी दवाखान्याच्या तातडीच्या विभागात आलेल्या ४२२ रोग्यांची तपासणी झाली. त्यांपैकी ५९ टक्के रोग्यांत एमआरएसए सापडला, आणि त्यातले ९७ टक्के जंतू याच एका वाणाचे होते. कातडीवर टिकून राहायला मदत करणारा जनुकांचा एक जास्तीचा तुकडा या वाणाजवळ आहे. माणसाच्या कातडीवर राहणाऱ्या दुसऱ्या एका निरुपद्रवी स्टॅफकडून त्याने तो मिळवला असावा, असे संशोधक सांगतात.

२००३ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस रॅम्स या व्यावसायिक फुटबॉल संघातल्या ५८ पैकी पाच खेळाडूंना मिळून आठ वेळा ही बाधा झाली. प्रत्येक वेळी ती कृत्रिम गवतावर खरचटलेल्या जागीच झाली होती. पहाडासारखे धट्टेकट्टे जवान ते! चौकशीत काय निघाले? खेळाडू एकमेकांचे टॉवेल वापरत होते, आणि आंघोळ न करताच सगळ्यांच्या पाण्याच्या टबात उतरत होते. आमच्या कबड्डीपटूचे गुडघे आणि त्या खेळाडूंची कोपरे, गोष्ट एकच.

सुऱ्याची धार कशात आहे?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. एक वाण दुसऱ्यापेक्षा जहाल का?

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या आपल्या पहारेकरी. जंतू आत आला की त्या त्याला गिळून मारतात. जहाल वाणांची विषे नेमकी या पहारेकऱ्यांवर चालून जातात. गळवात जो पू दिसतो, त्यात अशा मेलेल्या पहारेकऱ्यांचाच भरणा असतो.

यातले सर्वांत गाजलेले विष म्हणजे पँटन-व्हॅलेंटाइन ल्युकोसिडिन, थोडक्यात पीव्हीएल. पँटन आणि व्हॅलेंटाइन या दोघांनी १९३२ साली त्याचा अभ्यास मांडला, त्यावरून हे नाव. ते पांढऱ्या पेशीच्या आवरणाला भोके पाडते. २००२ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी स्टॅफमुळे न्यूमोनिया झालेल्या रोग्यांची तुलना केली. ज्यांच्या जंतूत पीव्हीएल होते, ते १६ रोगी. ज्यांच्या जंतूत ते नव्हते, ते ३६. पीव्हीएलवाल्या गटाचे मध्यक वय होते सुमारे १५ वर्षे, दुसऱ्या गटाचे सुमारे ७० वर्षे. म्हणजे जंतूने गाठले होते तरुणांना. दाखल झाल्यापासून ४८ तासांनी दुसऱ्या गटातले ९४ टक्के रोगी हयात होते, पीव्हीएलवाल्या गटातले मात्र ६३ टक्केच. त्यांतल्या बहुतेकांना आधी फ्लूसारखा आजार होऊन गेला होता.

यावरून सर्वांना वाटले की गुन्हेगार सापडला. पण २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी यूएसए ३०० आणि यूएसए ४०० या दोन्ही वाणांतून पीव्हीएलचे जनुक काढून टाकले आणि ते जंतू उंदरांना टोचले. उंदीर तितकेच आजारी पडले! दुसऱ्या प्रयोगशाळेतून उलट निष्कर्ष आले. मग २०१० साली सशांवर प्रयोग झाला, तेव्हा पीव्हीएल असलेल्या जंतूनेच फुप्फुसाची नासाडी केल्याचे दिसले. कोडे २०१३ साली उलगडले. हे विष पेशीवरच्या एका ठरावीक कडीला धरून आत शिरते. ती कडी माणसाच्या आणि सशाच्या पेशीवर त्याला धरता येते, उंदराच्या पेशीवर धरता येत नाही. एकाच जनावरावर पाहून निर्णय देणे किती फसवे असते, याचे याहून चांगले उदाहरण आम्ही तरी वर्गात सांगितलेले नाही.

तरीही सारा दोष पीव्हीएलचा नाही. २००७ साली अमेरिकेतल्याच संशोधकांनी दाखवले की स्टॅफ काही छोटी छोटी प्रथिने सोडतो आणि तीही पांढऱ्या पेशी फोडतात. ती बनवण्याची जनुके दवाखान्यातल्या वाणाकडेही असतात आणि वस्तीतल्या वाणाकडेही. पण वस्तीतला वाण ती कितीतरी जास्त प्रमाणात बनवतो. ऑस्ट्रेलियातला ‘क्वीन्सलँड’ नावाने ओळखला जाणारा वाण २०११ साली मेणकिड्याच्या अळ्यांवर आणि उंदरांवर तपासला गेला, तेव्हा तो यूएसए ३०० पेक्षाही जहाल निघाला. कारण पुढे कळले: अल्फा विष नावाचे जुनेच विष तो भरमसाट सोडतो.

म्हणजे घरात सुरा आहे की नाही, एवढ्यावर भागत नाही. तो किती वेळा आणि किती जोराने चालवला जातो, हेही पाहावे लागते. दोन घरांत मिरची सारखीच असते, पण कालवण एकीकडे गोडसर आणि दुसरीकडे जाळ. तसाच हा प्रकार.

आणि चिलखताचा भारही सुऱ्यावर पडतो. दवाखान्यातल्या काही वाणांजवळ औषध न लागू देणाऱ्या जनुकांचा मोठा गठ्ठा असतो, आणि त्या ओझ्यामुळे ते विष कमी बनवतात असे आढळले आहे. वस्तीतल्या वाणांनी छोटा, हलका गठ्ठा घेतला. चिलखत पुरेसे, आणि हातही मोकळा.

आपल्या मुलखातला वाण

हे सारे अमेरिका-ऑस्ट्रेलियाचे झाले. आपल्याकडे काय? आपल्या उपखंडाचा स्वतःचा वाण आहे. त्याचा क्रमांक ‘एसटी ७७२’, आणि जगात तो ‘बंगालच्या उपसागराचा वाण’ म्हणून ओळखला जातो. २००४ साली भारत आणि बांगलादेशात तो प्रथम ओळखला गेला. २०१० साली मुंबईतल्या संशोधकांनी आपल्या दवाखान्यातले नमुने तपासून सांगितले की हा वाण आणि ‘एसटी २२’ नावाचा दुसरा वाण मुंबईत जम बसवत आहेत.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्याची वंशावळ मांडली. त्याचे मूळ भारतीय उपखंडात १९६० च्या दशकापर्यंत मागे जाते. १९९० च्या दशकात त्याने अनेक औषधांना दाद न देणाऱ्या जनुकांचा गठ्ठा मिळवला, आणि त्यानंतर तो फोफावला. त्याच्याजवळ पीव्हीएल आहे आणि अनेक औषधांविरुद्ध चिलखतही आहे. अमेरिकेतल्या त्या चार मुलांच्या वाणाचे चिलखत पातळ होते, आपल्याकडच्या या वाणाचे जाड आहे. प्रवासी आणि कुटुंबीय यांच्यामार्फत तो इतर खंडांतही पोहोचला. एकाच घरातल्या माणसांना त्याची लागण झाल्याचेही अनेकदा आढळले. ज्यांच्या घरातली माणसे आखातात किंवा इंग्लंडात आहेत, त्यांनी तिथल्या डॉक्टरांना आपण कुठून आलो हे आवर्जून सांगावे.

१९९० च्या दशकात असे काय घडले की जंतूने चिलखत चढवले? जिथे औषधांचा मारा जास्त, तिथे औषधाला न बधणारा जंतूच मागे उरतो आणि वाढतो. उरलेल्या कॅप्सूल, अर्धवट सोडलेला कोर्स, चिठ्ठीशिवाय घेतलेली गोळी, यांतून आपणच त्याला चिलखत शिवून देतो.

घरात काय करावे

फोड पिळू नये, सुईने टोचू नये. पिळल्याने जंतू आत खोल जातो. नाक, वरचा ओठ आणि डोळ्यांजवळच्या फोडाला तर हातच लावू नये. गळू पिकले असेल तर डॉक्टरांकडून पू काढून घ्यावा. कित्येकदा तोच मुख्य इलाज असतो. फोड वारंवार येत असतील किंवा औषध लागू पडत नसेल, तर पू तपासणीला पाठवण्याविषयी आपणच डॉक्टरांना विचारावे. डॉक्टरांनी जितके दिवस औषध लिहून दिले, तितके दिवस ते घ्यावे.

जखम स्वच्छ पट्टीने झाकावी. पट्टी बदलल्यावर साबणाने हात धुवावेत. ज्याला फोड आहे त्याचा टॉवेल, वस्तरा, साबणाची वडी, अंथरूण वेगळे असावे. त्याचे कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या धाकट्या बहिणीच्या दंडावर आठ दिवसांनी फोड आला. तिन्ही भावंडांचा टॉवेल एकच होता.

आपल्या वस्तीतल्या दोन-तीन जागांकडेही पाहायला हवे. मस्जिदीच्या वुजूखान्यात एकच टॉवेल सगळ्यांसाठी टांगलेला असतो. तो काढावा आणि ज्याने त्याने आपला रुमाल आणावा. दिवसातून पाच वेळा हात-तोंड धुण्याची सवय ही मोठी दौलत आहे, पण धुतलेले तोंड दुसऱ्याच्या ओल्या टॉवेलला पुसले तर तिचा फायदा काय? न्हाव्याकडे आपल्यासमोर नवे ब्लेड लावायला सांगावे. मदरशाच्या आणि शाळेच्या वसतिगृहात मुले दाटीने झोपतात, तिथल्या जबाबदार मंडळींनी अंगावर फोड असलेल्या मुलाकडे लवकर लक्ष द्यावे. कुठे हिजामा करून घेत असाल, तर ब्लेड आणि पेले नवे आहेत याची खात्री करावी.

आणि काही खुणा अशा, की त्या दिसताच दवाखाना गाठावा, सकाळची वाट पाहू नये. फोडासोबत ताप आणि हुडहुडी. तासातासाला पसरणारी लाली. फोडाच्या मानाने फार जास्त वेदना. सांधा हलवता न येणे. फ्लूनंतर अचानक धाप लागणे किंवा थुंकीत रक्त दिसणे. तान्हे मूल किंवा मधुमेही माणूस असेल तर साध्या फोडालाही साधे समजू नये.

त्या अम्मीला उत्तर

आता तिचा प्रश्न. दोन मुलांच्या कागदावर एकच नाव असूनही आजार वेगळा का? कारण कागद चिलखताबद्दल बोलतो. कोणते औषध चालेल आणि कोणते नाही, एवढेच त्यावर लिहिलेले असते. वाण कोणता, त्यात कोणते विष आहे आणि ते किती सुटते, हे नेहमीच्या तपासणीत पाहिले जात नाही. त्यासाठी वेगळी, महागडी प्रयोगशाळा लागते. शिवाय जखम किती खोल होती, मुलाची ताकद किती होती आणि योग्य इलाज कितव्या दिवशी मिळाला, याचाही वाटा असतोच. तिच्या मुलाचे पहिले चार दिवस न चालणाऱ्या कॅप्सूलवर गेले होते.

म्हणून जहालपणाचा कागद शेवटी रोग्याच्या अंगावरच वाचावा लागतो, आणि तो सर्वांत आधी वाचणारी व्यक्ती घरातच असते. रात्री कपाळावर हात ठेवून ताप पाहते ती.

परवा हे सारे आम्ही तिला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “सर, घरातला तो औषधांचा डबा मी त्याच दिवशी रिकामा केला. आता तिघांचे तीन टॉवेल आहेत, प्रत्येकावर वेगळ्या रंगाचा धागा घातलाय.” आम्हीही घरी आलो आणि आमच्या कपाटातला डबा उघडला. त्यात वेगवेगळ्या तीन अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या निघाल्या.